पुढची पाळी कोणाची?

2004 सालच्या ऑगस्ट महिन्यात उबुंटू या लिनक्सवर चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमची पहिली आवृत्ती अजून बाहेर पडायची होती, पण तिच्या बग-नोंदवहीत क्रमांक 1 ची नोंद तेवढ्यात पडूनही गेली. नोंद करणारे होते उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ. त्यांनी नोंदवलेला दोष असा: पीसीच्या बाजारातला मोठा हिस्सा मायक्रोसॉफ्टच्या ताब्यात आहे. ही अर्धी गमतीची, अर्धी गंभीर नोंद जवळपास नऊ वर्षं उघडी राहिली आणि तिच्याखाली प्रतिक्रियांचा ढीग साचला. मे 2013 मध्ये शटलवर्थ यांनीच ती बंद केली. स्थितीच्या रकान्यात त्यांनी निवडलं 'फिक्स रिलीज्ड', म्हणजे दुरुस्ती झाली आणि वापरणाऱ्यांच्या हातात पोचलीसुद्धा. फोन आणि टॅबलेट आल्यापासून संगणकाचा बाजारच बदलला आणि त्या मोठ्या बाजारात मायक्रोसॉफ्टचं पूर्वीचं वर्चस्व उरलं नाही, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही होतं. पण टेबलावरच्या पीसींवर तेव्हाही विंडोजचंच राज्य होतं, आणि फोनचा बाजार फिरवला तो अँड्रॉइड नि आयओएसने. उबुंटूने तिथे काहीच दुरुस्त केलं नव्हतं. मग 'फिक्स रिलीज्ड' हे खरं धरायचं की खोटं?

अशा एखाद्या नोंदीपुरता हा प्रश्न हसून सोडून देता येतो. पण बँकेच्या ॲपमध्ये एकाच व्यवहाराचे पैसे दोनदा कापले जात असतील आणि त्या टिकेटवर कोणीतरी 'फिक्स्ड' लिहून घरी गेलं असेल, तर तो सोडता येत नाही.

सॉफ्टवेअर करणाऱ्या बहुतेक टीमांकडे अशी एक नोंदवही असते. तिला बग ट्रॅकर म्हणतात. पुण्यातल्या ऑफिसांत नुसतं 'जिरावर टाक' म्हटलं तरी पुरतं. दोष सापडला की त्याचं टिकेट निघतं, टिकेटाला क्रमांक मिळतो, ते कोणाच्या तरी नावावर चढतं आणि त्याच्यावर एक स्थिती लिहिलेली असते: न्यू, असाइन्ड, रिझॉल्व्ड, क्लोज्ड वगैरे. ही स्थिती काय सांगते, असं टीममधल्या कोणालाही विचारलं तर उत्तर येईल, 'बगचं काय झालं ते.' हे उत्तर चुकीचं नाही, पण ढिलं आहे, आणि सगळे घोळ या ढिलेपणातून सुरू होतात. माझ्या मते स्थितीच्या रकान्याने एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं: आता पुढची पाळी कोणाची? डेव्हलपरची, टेस्टरची, ज्याने तक्रार केली त्याची, की आता कोणाचीच नाही? ज्या टीममध्ये स्थिती पाहून हे न विचारता कळतं, तिथे रकाने नीट भरले जातात असं समजा. बाकीच्या टीमांत लोक टिकेट पाहतात आणि मग फोन करून विचारतात, 'अरे, ते झालं का नक्की?'

बगझिलाने घातलेली घडी

आज आपण वापरतो त्या बहुतेक स्थितींची वंशावळ बगझिलापाशी जाऊन पोचते. 1998 च्या जानेवारीत नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला करायचं जाहीर केलं आणि मोझिला प्रकल्प उभा राहिला. कंपनीच्या आतली बग-नोंदवही बाहेरच्या लोकांना वापरता येण्यासारखी नव्हती, म्हणून टेरी वाइसमन यांनी नवी लिहिली. आधी ती टीसीएल या भाषेत होती, मग बाहेरच्या लोकांना हातभार लावणं सोपं जावं म्हणून पर्लमध्ये आणली. ती बगझिला. पुढे रेड हॅट, ग्नोम, केडीई, लिनक्स कर्नल अशा कितीतरी प्रकल्पांनी ती उचलली. खुद्द मोझिलाच्या बगझिलात 2014 साली टिकेटांच्या क्रमांकाने दहा लाखांचा टप्पा ओलांडला. सिडनीतल्या अटलासियन कंपनीने 2002 मध्ये जिरा काढलं, त्याचं नावसुद्धा बगझिलाची थट्टा करता करताच ठरलं.

बगझिलातली सगळ्यात शहाणी गोष्ट म्हणजे तिथे दोन वेगळे रकाने होते. एकात स्थिती: अनकन्फर्म्ड, न्यू, असाइन्ड, रिझॉल्व्ड, व्हेरिफाइड, क्लोज्ड, आणि परत उघडला तर रीओपन्ड. दुसऱ्यात निकाल: फिक्स्ड, इनव्हॅलिड, वोंटफिक्स, डुप्लिकेट, वर्क्सफॉरमी. बग कुठवर आला हे पहिला रकाना सांगतो, तो का संपला हे दुसरा. ज्या टीमा ही फारकत विसरतात त्यांच्या यादीत 'इन प्रोग्रेस'च्या शेजारी 'डुप्लिकेट' बसलेला दिसतो. मग महिन्याच्या शेवटी बंद झालेल्यांपैकी किती बग खरोखर दुरुस्त झाले नि किती नुसते निकालात निघाले, याचा हिशेब कोणालाच मांडता येत नाही.

या पाच निकालांमध्ये माणसांचे स्वभाव दिसतात. 'वर्क्सफॉरमी' हा सगळ्यात चिघळणारा. डेव्हलपर आपल्या लॅपटॉपवर ॲप उघडतो, सगळं ठीक चालतं, तो लिहितो, 'माझ्याकडे चालतंय,' आणि टिकेट बंद. त्याच्या दृष्टीने हा प्रामाणिक अहवाल असतो. पण ज्या बाईंच्या फोनवर ॲप रोज बंद पडतंय, त्यांना त्यातून 'तुम्ही खोटं बोलताय' असंच ऐकू येतं. हा निकाल वापरायचा तर त्यासोबत कोणतं बिल्ड, कोणता फोन, कोणत्या पायऱ्या करून पाहिल्या, हे लिहिणं सक्तीचं हवं. तेवढं लिहिलं की टिकेट वाद न राहता तपास होतं. कित्येकदा ते लिहिता लिहिताच डेव्हलपरला कळतं की त्याचा फोन निराळ्या भाषेवर सेट केलेला आहे आणि बग नेमका तिथेच आहे. 'इनव्हॅलिड'चंही तसंच. तक्रार करणाऱ्याला ज्याचा त्रास झाला ती गोष्ट नियमाप्रमाणेच चालत असेलही, पण नियम त्याला कळला नाही, हीसुद्धा एक बातमी आहे. 'वोंटफिक्स' मात्र मला आवडतो. ऐकायला कडू, पण त्यात पाळी कोणाची याबद्दल संशय नाही: कोणाचीच नाही, आम्ही हे करणार नाही आहोत.

याच्या नेमके उलट असलेले दोन निकाल एकेकाळी बगझिलात होते, 'लेटर' आणि 'रिमाइंड'. आपल्याकडे ऑफिसात कोणी 'बघू' म्हणतं ना, तेच. टिकेट बंद, पण मनातून उघडं. अडचण अशी की बंद टिकेटांची यादी रोज सकाळी कोणी वाचत नाही. नंतर करायचं म्हणून बंद केलेलं काम नंतर कोणाच्याच डोळ्यांसमोर येत नाही, आणि तक्रार करणाऱ्याला ते कधी होणार, होणार की नाही, याचा पत्ता लागत नाही. बगझिलाच्या मंडळींना हे उमगलं आणि पुढे नव्याने बसवलेल्या बगझिलात हे दोन निकाल आपोआप मिळायचे बंद झाले. पुढे ढकलायचं असेल तर टिकेट उघडं ठेवा आणि त्याला पुढच्या आवृत्तीचं नाव जोडा, हा त्यावरचा सरळ उपाय. तरीही कितीतरी टीमा आपल्या ट्रॅकरमध्ये 'डिफर्ड' नावाचा असाच एक खड्डा स्वतःच्या हाताने खणून घेतात.

2011 मध्ये बगझिलाची 4.0 ही आवृत्ती आली, तेव्हा स्थितींची मूळ यादीच बदलली. 'न्यू'च्या जागी 'कन्फर्म्ड' आलं, 'असाइन्ड'च्या जागी 'इन प्रोग्रेस'. 'रीओपन्ड' आणि 'क्लोज्ड' यादीतून गेले. तेरा वर्षांच्या वापरात काय खुपत होतं ते या बदलांतून वाचता येतं. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या बगवर 'न्यू' लिहिलेलं पाहून कोणालाही हसू यावं. 'असाइन्ड'चा घोळ आणखी खोल. बगझिलात प्रत्येक बग दाखल होतानाच त्या विभागाच्या मालकाच्या नावावर चढायचा. म्हणजे नाव लागलेलं आहे, पण स्थिती 'असाइन्ड' नाही, असं चित्र रोज दिसायचं. 'असाइन्ड'मधून सांगायचं होतं की त्या माणसाने काम हातात घेतलंय, आणि वाचणारा समजायचा की कोणाच्या तरी गळ्यात घातलंय. पाळी कोणाची हे नाव सांगतं. त्याने ती घेतली का, हे स्थितीने सांगायचं. 'इन प्रोग्रेस'ने ते निदान सरळ केलं.

'फिक्स्ड' कुठवर फिक्स्ड?

सगळ्या स्थितींत सगळ्यात जास्त भांडणं लावणारी स्थिती म्हणजे 'फिक्स्ड' किंवा 'रिझॉल्व्ड'. दुरुस्ती ही एका क्षणात घडणारी गोष्ट नाही. डेव्हलपर कोड बदलतो, तेव्हा ती त्याच्या लॅपटॉपवर असते. मग सहकारी ती तपासतो, मग ती मुख्य शाखेत जाते, मग त्यातून नवं बिल्ड तयार होतं, ते टेस्टिंगच्या सर्व्हरवर चढतं, तिथे पास झालं तर स्टेजिंगवर, आणि मग कधीतरी गुरुवारी रात्री प्रॉडक्शनवर. या वाटेवरच्या प्रत्येक ठिकाणी उभा असलेला माणूस प्रामाणिकपणे 'झालं' म्हणू शकतो. डेव्हलपरने पहिल्या टप्प्यावर 'रिझॉल्व्ड' केलं, टेस्टरने तेव्हा सर्व्हरवर असलेलं जुनं बिल्ड उघडलं, बग जसाच्या तसा दिसला, आणि टिकेट रीओपन झालं. दोघांनीही आपापलं काम नीट केलं होतं. पण रीओपनचा शिक्का डेव्हलपरच्या खात्यावर जमा झाला, आणि वार्षिक मूल्यमापनात तो मोजणारा एखादा मॅनेजर असतोच.

उबुंटूच्या लाँचपॅड या ट्रॅकरमध्ये म्हणून 'फिक्स कमिटेड' आणि 'फिक्स रिलीज्ड' अशा दोन वेगळ्या स्थिती आहेत. कोड दाखल झाला ती एक, लोकांच्या हाती पोचला ती दुसरी. रेड हॅटच्या बगझिलात तर ही वाट आणखी बारकाईने मांडलेली आढळते: पॅच तपासणीसाठी पाठवला की 'पोस्ट', कोडमध्ये दाखल झाला की 'मॉडिफाइड', टेस्टरच्या हातात पडेल असं बिल्ड तयार झालं की 'ऑन क्यूए', त्याने तपासून मान्य केलं की 'व्हेरिफाइड', बाहेर पडण्याच्या तयारीत असेल तर 'रिलीज पेंडिंग', आणि शेवटी 'क्लोज्ड'. यादी लांबलचक वाटते, पण प्रत्येक पायरीवर पाळी एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते हे लक्षात घ्या. 'मॉडिफाइड' असताना टेस्टरने हात लावायचा नाही. 'ऑन क्यूए' झालं की डेव्हलपरने वाट पाहायची. ऑपरेटिंग सिस्टिम विकणाऱ्या एवढ्या मोठ्या कंपनीला हे शोभतं. आठ जणांच्या टीमने हे उचललं तर लोक टिकेटं ढकलण्यातच दिवस घालवतील. त्यांना 'कोडमध्ये गेलं' आणि 'तपासायला तयार आहे' एवढा भेद पुरतो, फक्त तो सगळ्यांनी पाळायला हवा.

पुण्यातल्या टीमांना हा भेद पाळणं इतरांपेक्षा जास्त गरजेचं आहे आणि त्याचं कारण घड्याळात आहे. पुण्यात संध्याकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात सकाळचे सहा आणि हिवाळ्यात पाच वाजलेले असतात. हिंजवडीचा टेस्टर कंपनीच्या बसमध्ये बसतो तेव्हा तिकडचा डेव्हलपर अजून अंथरुणात असतो. समोरासमोर टेबलं असतील तर चुकीची स्थिती एका हाकेत दुरुस्त होते. इथे तिच्यामुळे अख्खा एक दिवस जातो, आणि दोनदा चूक झाली तर दोन. अशा टीममध्ये टिकेटावरची स्थिती हाच सगळा संवाद असतो, कारण दुसरा माणूस जागा नसतो.

मग बग संपला हे ठरवायचं कोणी? जमिनीच्या खरेदीनंतर सातबाऱ्यावर नाव चढतं त्याची पद्धत इथे आठवून पाहावी. खरेदीखत नोंदलं म्हणून काम संपत नाही. तलाठी फेरफाराची नोंद घेतो, संबंधितांना नोटीस जाते, आणि ती नोंद प्रमाणित करतो मंडळ अधिकारी. लिहिणारा एक, प्रमाणित करणारा दुसरा. बगझिलाच्या मूळ वाटेतही 'रिझॉल्व्ड' डेव्हलपर करायचा आणि 'व्हेरिफाइड' क्यूएची माणसं. आजच्या घाईत ही पायरी सगळ्यात आधी गळते, कारण बहुतेक ट्रॅकरांत कोणालाही कोणतीही स्थिती लावता येते आणि दुरुस्त करणाराच 'क्लोज्ड' करून मोकळा होतो. माझा आग्रह असा की ज्याने बग उघडला त्यानेच, किंवा त्याच्या वतीने टेस्टरने, तो बंद करावा. त्याने वेग थोडा कमी होतो. होऊ द्यावा.

माणसांवर न विसंबण्याचाही एक मार्ग आहे आणि तो डेबियनच्या लोकांनी फार पूर्वी शोधला. डेबियन लिनक्सची बग-नोंदवही ईमेलवर चालते. ती इयन जॅक्सन यांनी 1994 मध्ये सुरू केली. पॅकेज सांभाळणारा आपल्या बदलांच्या टिपणात 'अमुक क्रमांकाचा बग बंद' असं एका ठरलेल्या साच्यात लिहितो, आणि ते पॅकेज डेबियनच्या साठ्यात प्रत्यक्ष दाखल झालं की बग आपोआप बंद होतो. कोणी बटण दाबत नाही, आणि दाखल होण्याआधी बंद म्हणून दाखवताही येत नाही. पुढे त्यांनी प्रत्येक बगसोबत आवृत्त्यांचाही हिशेब ठेवायला सुरुवात केली: बग अमुक आवृत्तीत आढळला, तमुक आवृत्तीत सुटला. त्यामुळे एकच बग नव्या डेबियनमध्ये सुटलेला आणि जुन्या स्थिर डेबियनमध्ये उघडा, असं दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. तीन ग्राहकांकडे तीन वेगळ्या आवृत्त्या चालवणाऱ्या आपल्याकडच्या कंपन्यांनी हे शिकण्यासारखं आहे. त्यांच्या टिकेटावर एकच 'क्लोज्ड' असतं आणि नाशिकचा ग्राहक विचारतो, 'मग आमच्याकडे का येतंय?'

यंत्राला काय वाटतं

आतापर्यंत माणसांच्या समजाबद्दल बोललो. ट्रॅकरलाही स्वतःचा एक समज असतो, आणि तो माहीत नसेल तर शिस्तशीर टीमसुद्धा फसते.

जिराचं उदाहरण घ्या. तिथे निकालाचा रकाना, रिझोल्यूशन, रिकामा असेल तर पडद्यावर 'अनरिझॉल्व्ड' असं दिसतं. त्या नावाचं कोणतंही मूल्य आत साठवलेलं नसतं, रिकाम्या रकान्यालाच जिरा तसं दाखवतं. एखादा उत्साही ॲडमिन हे न कळून निकालांच्या यादीत 'अनरिझॉल्व्ड' नावाचं नवं मूल्य घालतो, लोक ते निवडतात, आणि झालं. जिराच्या दृष्टीने रकाना भरला, म्हणजे टिकेट सुटलं. क्रमांकावर आडवी रेघ येते, न सुटलेल्या टिकेटांच्या यादीतून ते गायब होतं, आणि त्याच्यावर लिहिलेलं असतं 'अनरिझॉल्व्ड'. अटलासियनच्या कागदपत्रांत याबद्दल स्पष्ट ताकीद आहे, पण कागदपत्रं गळ्याशी आल्यावरच वाचली जातात. याचीच दुसरी बाजू रीओपनची. टिकेट परत उघडताना स्थिती बदलली, पण जुना निकाल पुसायची सोय त्या वाटेत केलेली नसेल, तर फळ्यावर टिकेट 'इन प्रोग्रेस' आणि अहवालात सुटलेलं, असं दुहेरी आयुष्य ते जगत राहतं.

मँटिस नावाचा आणखी एक जुना ट्रॅकर आहे, 2000 साली सुरू झालेला. त्यात स्थितींना आतून आकडे दिलेले आहेत: न्यू 10, फीडबॅक 20, ॲकनॉलेज्ड 30, कन्फर्म्ड 40, असाइन्ड 50, रिझॉल्व्ड 80, क्लोज्ड 90. मधल्या मोकळ्या जागा टीमांनी आपल्या स्थिती घालाव्यात म्हणून आहेत. पण मँटिस 80 हा उंबरठा धरतो. त्या आकड्यावरचं सगळं सुटलेलं. कोणी 'ग्राहकाच्या उत्तराची वाट' अशी नवी स्थिती केली आणि सहज रिकामा दिसला म्हणून 85 हा आकडा दिला, की ती सगळी टिकेटं उघड्या यादीतून बाहेर. ग्राहक उत्तर देतो, आणि ते उत्तर कोणीही वाचत नाही.

नव्या स्थिती वाढवायची हौस हा वेगळाच आजार आहे. सहा महिन्यांत 'ऑन होल्ड', 'ब्लॉक्ड', 'पार्क्ड', 'पेंडिंग विथ बिझनेस', 'अंडर डिस्कशन' अशी रांग लागते. यातल्या बहुतेकांत कोणाचीच पाळी नसते, आणि म्हणूनच त्या लोकप्रिय असतात: तिथे टिकेट ठेवलं की सकाळच्या मीटिंगमध्ये कोणी आपल्याला विचारत नाही. मोझिलाने या रोगावर छान औषध काढलं. त्यांना माहिती हवी असेल तर ते 'नीडइन्फो' ही खूण टिकेटाला लावतात आणि ती एका माणसाच्या नावाने लावतात. स्थिती तीच राहते, पण उत्तर कोणी द्यायचंय हे नावानिशी दिसतं, आणि ज्याचं नाव लागलंय त्याला ते रोज टोचत राहतं. लाँचपॅडने दुसरा मार्ग धरला: माहिती मागून 'इनकम्प्लीट' केलेल्या बगवर कोणी फिरकलंच नाही, तर 60 दिवसांनी तो कालबाह्य होऊ शकतो. दुसरं टोक गिटहबचं. तिथे कित्येक वर्षं ओपन आणि क्लोज्ड एवढ्या दोनच स्थिती होत्या, आणि बंद करताना 'काम पूर्ण' की 'करायचं नाही' हे सांगायची सोय आली ती थेट 2022 मध्ये.

वहीत चढलेल्याचं इतकं सांगितलं. जे चढतच नाही त्याचं काय? नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान 11 डिसेंबर 1998 ला निघालं आणि 23 सप्टेंबर 1999 ला मंगळापाशी नष्ट झालं. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने धक्क्याचे आकडे पौंड-सेकंदांत दिले, पुढच्या सॉफ्टवेअरने ते न्यूटन-सेकंद समजून घेतले, फरक सुमारे 4.45 पट. ही गोष्ट शाळेतही सांगतात. चौकशी मंडळाच्या अहवालातली दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. आकडे जुळत नाहीत अशी शंका दिशादर्शनाच्या टीमला उड्डाणानंतरच्या महिन्यांत आलेली होती. त्याबद्दल ईमेल झाले, बोलणी झाली, पण अशा विसंगती नोंदवण्याची जी ठरलेली पद्धत होती, तिच्यात ती शंका रीतसर चढली नाही. क्रमांक नाही म्हणून स्थिती नाही, आणि स्थिती नाही म्हणून ती बंद झाली का, असं कोणी विचारण्याचा प्रश्नच नाही. आपल्या टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'पेमेंटचं जरा बघ ना' असा निरोप पडतो तेव्हा तीच परिस्थिती असते, फक्त यान लहान असतं.

वरून येणारा एक त्रास आहे, तोही सांगायला हवा. उघड्या बगांचा आकडा मोठ्या पडद्यावर लावला की तो कमी करण्याच्या मोहिमा निघतात, आणि आकडा कमी करण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे स्थिती बदलणं. बगचं 'एनहान्समेंट' होतं, चारांचं एक डुप्लिकेट होतं, जुनी टिकेटं घाऊक बंद होतात. मोझिलाच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी जेमी झाविन्स्की यांनी 2003 मध्ये ग्नोमबद्दल जळजळीत तक्रार केली होती: बगला वर्षानुवर्षं कोणी हात लावत नाही, मग सगळं नव्याने लिहिलं जातं आणि 'ते आता जुनं झालं' म्हणून बग न तपासताच बंद. आजही हे सर्रास चालतं, फक्त बंद करणारा बॉट असतो. घाऊक बंद करणं नेहमीच वाईट असतं असं नाही. फेडोरा या लिनक्सची प्रत्येक आवृत्ती साधारण तेरा महिने सांभाळली जाते, तिची मुदत संपली की तिच्यावरचे उघडे बग 'ईओएल', म्हणजे 'एंड ऑफ लाइफ', या निकालाने बंद होतात, आणि नव्या आवृत्तीतही अडचण असेल तर परत उघडायला सांगितलं जातं. बग सुटल्याचा आव नाही, आणि पाळी कोणाची तेही लिहिलेलं. त्याच टिकेटांवर 'फिक्स्ड' मारलं असतं तर ती लबाडी झाली असती.

नवी स्थिती हवी असं कोणी म्हणालं की एवढंच विचारावं: ती लागल्यावर काम कोणाकडून कोणाकडे जातं? हात बदलत नसतील तर स्थिती नको, लेबल लावा. आणि जुन्या स्थितींची परीक्षा घ्यायची असेल तर त्यासाठी सल्लागार नको की नवं सॉफ्टवेअर नको. पुढच्या आठवड्यात टीममधल्या पाच जणांना, एकमेकांशी बोलू न देता, कागदावर लिहायला सांगा की आपल्याकडे 'रिझॉल्व्ड' कोण करतं, कधी करतं, आणि त्यानंतर कोणी काय करायचं. त्यात एक टेस्टर, एक नवा मुलगा आणि मॅनेजर असू द्या. उत्तरं जुळली तर हे प्रकरण तुम्हाला उगाच वाचायला लावलं म्हणून माफ करा. जुळली नाहीत तर त्याच बैठकीत एक व्याख्या ठरवा, ती ट्रॅकरमध्ये त्या रकान्याच्या शेजारीच दिसेल अशी लिहा, आणि उघडी टिकेटं त्या व्याख्येनुसार एकदा चाळून घ्या.